बोळ कुठून येतो, ते आधी विचार

काल फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, फिस्टुला म्हणजे भगंदरच ना?’ आणि मी ‘ये घरी, मग सांगते’ म्हणून फोन ठेवला. राग नव्हता आला गं. उद्यापासून तुझी सर्जरीच्या वॉर्डात ड्यूटी, आणि ही गोष्ट फोनवर सांगून संपणारी नाही. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली मी, अर्धी सर्जरीत आणि अर्धी बाळंतिणींच्या वॉर्डात. पुस्तकातलं तुझ्या ट्यूटर मॅडमनी शिकवलंच असेल. माझं आपलं पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेव.

चहा घे आधी. कूलर लावलाय, पण पाणी टाकायचं राहिलंय, तेवढं सहन कर.

भगंदर हा फिस्टुलाच. पण सगळे फिस्टुला भगंदर नव्हेत. आमच्या घरामागचा बोळ पाहिलास ना? घरं बांधली तेव्हा तो नव्हता. नागपूरच्या या जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधी कुटुंबं येऊन वसली, मग आमच्यासारखे इंदोऱ्याकडून सरकत आले, घराला घर चिकटत गेलं. मागं पाणी तुंबायचं म्हणून कोणीतरी भिंतीत भोक पाडलं. पाणी वाहू लागलं, त्यातून मांजरं गेली, मग पोरं गेली, आणि एक दिवस तिथं फरशीसुद्धा बसली. आता बुजवतो म्हटलं तर कोणी बुजवू देत नाही. शरीराचंही तसंच. आत काही तुंबतं, सडतं, दबून मरतं किंवा चुकून कापलं जातं. आतल्या घाणीला बाहेर पडायला वाट हवी असते, ती मिळेल तिथून वाट काढते. वाट वाहती राहिली की तिला आतून अस्तर धरतं. अस्तर म्हणजे तुझी ती फरशी. ती बसली की मलमपट्टीनं काही होत नाही.

दोन्हीकडं उघडतो तो फिस्टुला. आत जाऊन बंद होणारी गल्ली असेल तर तो सायनस, जुने वैद्य त्याला नाडीव्रण म्हणत. आपल्याकडं लोक दोन्हीला नासूर म्हणून मोकळे होतात, आणि पेशंटपुढं तू पण तेच म्हण, त्याला समजतं. केसपेपरवरच्या लांबलचक नावांना मात्र भिऊ नकोस, ते पत्ते असतात. इथून तिथपर्यंत. व्हेसिको-व्हजायनल म्हणजे मूत्राशयातून योनीत. एंटेरो-क्यूटेनियस म्हणजे आतड्यातून कातडीवर. आर्टेरिओ-व्हीनस म्हणजे धमनीतून शिरेत. नाव फोडून वाच, कोणती दोन घरं जोडली गेलीत ते कळतं. काहून जोडली गेलीत, ते मात्र पेशंटलाच विचारावं लागतं.

पहिला मंत्र हाच धर. बाहेरचं तोंड दिसतं तिथं दुखणं असेलच असं नाही.

कामठी रोडला ऑटो चालवणारा एक माणूस होता. हनुवटीच्या खाली फोड. फुटायचा, वाळायचा, महिन्याभरानं परत फुगायचा. तीनदा कापून झाला होता, मलमांच्या ट्यूबांची पिशवीच घेऊन आला. ‘सिस्टर, रगत खराब होऊन राहिलं का माहं?’ त्याला मी आ करायला लावला. खालचा पुढचा एक दात काळा पडलेला. लहानपणी पडून मार लागला होता, त्याला आठवतही नव्हतं. दुखत नव्हता, म्हणून कोणी दाताकडं बघितलंच नव्हतं. दात आतून मेला होता, मुळाशी पू साठत होता आणि हाड पोखरून हनुवटीतून बाहेर येत होता. दात काढला, पंधरा दिवसांत हनुवटीचं भोक आपोआप बंद. चौथ्यांदा कापायला आलेला माणूस एका दातावर सुटला. तेव्हापासून गालावर किंवा जबड्याखाली वाहणारा फोड दिसला की माझा पहिला शब्द, आ कर.

सगळ्यांचं दातावर भागत नाही हेही बघशील. आपल्या नागपुरात पोट्टे पन्नीत घोटलेला खर्रा गालात धरून दिवस काढतात. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना समोर घोटून द्यायला पानठेला पुरतो. आधी तोंड उघडेनासं होतं, मग गालात व्रण, आणि काहींच्या बाबतीत तो व्रण आरपार बाहेर येतो. कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशनचा शेक झाल्यावरही मानेतून लाळ झिरपायला लागते, कारण शेक दिलेल्या कातडीला रक्त कमी पोचतं आणि टाके धरत नाहीत. तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलात असे पेशंट बघितलेस तर ड्रेसिंग करताना त्यांच्या डोळ्यांकडं बघून बोल. जेवताना गळ्यातून वरण गळतं याची लाज त्यांना दुखण्यापेक्षा जास्त असते.

वरची दाढ काढल्यावर कोणी म्हणालं, ‘चूळ भरली तर पाणी नाकातून येते’, तर हसू नको. दाढेच्या मुळांवर नाकाच्या बाजूची पोकळी असते, तिचा तळ फुटलेला असतो. नाक शिंकरू देऊ नको, स्ट्रॉनं काही पिऊ देऊ नको, त्याच दिवशी परत दातवाल्याकडं पाठव. आणि मानेतली गाठ फुटून वाहत असेल तर टीबी मनात ठेव, हाताला ग्लोव्ह. गंडमाळेवर कोंबडीचं पीस फिरवणारे अजून सापडतात. सरकारी टीबीची औषधं फुकट मिळतात, सहसा सहा महिने, आणि अर्ध्यात सोडली तर रोग दुप्पट हट्टी होऊन येतो.

आता तुझं भगंदर.

हे होतं कसं, ते आधी समज. शौचाच्या वाटेत, थोडं आत, बारीक ग्रंथी असतात. त्यांतली एखादी तुंबते, पू होतो, पू खाली किंवा बाजूला सरकतो आणि बसायच्या जागेजवळ बेंड येतं. सुश्रुतानं फार नेमकं म्हटलंय, फुटण्याआधी ती पिडका, फुटल्यावर भगंदर. म्हणजे लोक ज्या दिवशी ‘फुटलं एकदाचं, सुटलो’ म्हणतात, भगंदराची मोजणी तिथून सुरू होते. बेंड फुटून किंवा कापून पू गेला की बरेच बरे होतात, पण तिघांत एकाला, काही ठिकाणी दोघांत एकाला, मागं वाहता बोळ राहतो. म्हणून बेंड कापलेल्या पेशंटला घरी सोडताना सांगत जा, दीड-दोन महिन्यांनी चड्डीला डाग लागत असेल तर परत ये. हे एक वाक्य कोणी सांगत नाही. आणि तो माणूस पाच वर्षं घडी केलेलं फडकं खिशात घेऊन फिरतो.

लाज, दुसरं काय! मूळव्याध म्हणून सांगतील, उष्णता म्हणून सांगतील. बायका तर नवऱ्यालाही सांगत नाहीत. फ्रान्सचा राजा चौदावा लुई, त्याला भगंदर झालं होतं. १६८६ साल, इकडं संभाजी महाराज गादीवर. राजाच्या शल्यवैद्याला, फेलिक्सला, त्या ऑपरेशनचा अनुभव नव्हता. तो काही महिने गरीब पेशंटांवर हात बसवत राहिला, आणि मग नोव्हेंबरात राजाला कापलं. राजा बरा झाला, शल्यवैद्यांचा भाव वाढला. ज्या गरिबांवर हात बसवला त्यांचं काय झालं ते कोणी लिहून ठेवलं नाही, पण ते जाऊ दे. मी ही गोष्ट पेशंटला एवढ्यासाठी सांगायची की, बाबा, राजानंही दाखवलं, तू कोण मोठा लागून गेलास! हसतो आणि कूस बदलतो. तपासणी होऊन जाते.

सावजी खाल्ल्यानं भगंदर होतं का, असं दर दुसरा माणूस विचारतो. नाही. तिखटानं आग होईल, बोळ पडत नाही. पण सुश्रुतानं जे पाच प्रकार लिहिलेत ना, शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त आणि उन्मार्गी, त्यातल्या शेवटच्याचं कारण सावजीवाल्यांनी ऐकण्यासारखं आहे. मटणाबरोबर गिळलेलं हाड खाली येऊन टोचतं आणि तिथून वाट पडते. क्वचित घडतं, पण घडतं. तर्री कितीही ओढा म्हणावं, हाड मात्र ताटात काढा. नावं पण काय एकेक! शतपोनक म्हणजे चाळणीसारखी भोकं, उष्ट्रग्रीव म्हणजे उंटाची मान, शंबूकावर्त म्हणजे शंखातला वळसा. बघून, बोट लावून ठेवलेली नावं आहेत ती, खोलीत बसून सुचलेली नव्हेत.

आजचे सर्जन आकार बघत नाहीत, स्नायू बघतात. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलातले पार्क्स आणि त्यांच्या जोडीदारांनी १९७६ मध्ये ४०० पेशंट तपासून चार प्रकार पाडले. संडास धरून ठेवणारे दोन गोल स्नायू असतात, एकात एक. बोळ त्या दोघांच्या मधून उतरतो, की दोघांना भेदून जातो, की वरून वळसा घालतो, की त्यांच्या बाहेरूनच जातो, यावर सगळं ऑपरेशन ठरतं. खालचा, उथळ बोळ उघडा करून टाकला की भरून येतो. वरचा तसाच कापला तर स्नायू जातो, आणि माणसाला भगंदरापेक्षा वाईट जन्म येतो, संडास कळत नाही. म्हणून चौकातल्या ‘बिना ऑपरेशन हमखास इलाज’च्या पाटीखाली कोणी काय टोचून आलाय ते आधी विचार. ‘एमआरआय काहून पाहिजे, वरतून तर दिसूनच राहिलं’ असं नातेवाईक भांडतात. त्यांना सांग, वरून दरवाजा दिसतो, वाट दिसत नाही.

दोऱ्याचं विचारतीलच. क्षारसूत्र. निवडुंगाच्या जातीतल्या स्नुहीचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद, असे एकवीस लेप दिलेला दोरा बोळातून ओवतात आणि दर आठवड्याला बदलतात. तो हळूहळू कापत येतो आणि मागं भरत जातो. बनारसच्या विद्यापीठात पी. जे. देशपांडे यांनी साठच्या दशकात ही पद्धत परत उभी केली. मला आधी विश्वास नव्हता, सरळ सांगते. मग आमच्याच एका सरांनी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा १९९१ चा अभ्यास वाचून दाखवला. दोऱ्यानं भरायला सरासरी आठ आठवडे लागले, ऑपरेशनला चार. पण पुन्हा उद्भवायचं प्रमाण दोऱ्यात ४ टक्के आणि ऑपरेशनमध्ये ११ टक्के. तेव्हापासून कोणी सक्करदऱ्याच्या आयुर्वेद कॉलेजात जातो म्हटलं तर मी नाक मुरडलं नाही. शिकलेल्या हाताकडून दोरा घालून घे, पाटीवाल्याकडून घेऊ नको, एवढंच म्हणते. हा दोरा आणि सर्जनचा साधा दोरा म्हणजे सेटॉन, दोन्हींत पेशंटला पहिले काही दिवस वाटतं आपल्याला बांधूनच ठेवलंय. कोमट पाण्याच्या टबात बसव, दिवसातून दोन-तीनदा, संडासनंतर तर नक्की. आणि तो दोरा उपसून काढायचा नसतो हे स्पष्ट सांग. काढणारे असतात, बाप्पा!

परत-परत होत असेल, भोकं बरीच असतील, सोबत पोट बिघडतंय, वजन उतरतंय, तर साधं भगंदर समजून बसू नको. टीबी असेल, आतड्याचा क्रोन्स नावाचा आजार असेल, कधी कॅन्सरही. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा तपासायला गेला की नाही, ते तू विचारायचं. डॉक्टर विसरत नाहीत, पण बाटलीवर नाव नसलं की ती खिडकीत पडून राहते. मी पाहिलंय.

सुश्रुतानं आठ महारोग सांगितलेत, बरे व्हायला अवघड. त्यात भगंदर आहे आणि त्याच यादीत मूढगर्भ, अडलेलं बाळंतपण आहे. त्याला दोन्हींतला धागा दिसला होता की नाही, कोण जाणे. मला मात्र ती यादी ऐकली की लेबर रूमच आठवते.

गडचिरोलीकडून आलेली एक पोरगी होती, तुझ्यापेक्षा लहान. घरी तीन दिवस कळा काढल्या, मग बैलगाडी, मग जीप. मूल मेलेलं. ती वाचली म्हणून सगळे खूश. आठव्या दिवशी चादर ओली, बदलली तर परत ओली. सोबतची सासू म्हणाली, ‘आळशी आहे, उठून जात नाही.’ आळशी नव्हती गं. बाळाचं डोकं तीन दिवस हाडावर दाबून राहिलं होतं, मधे मूत्राशयाची भिंत चिरडली, तिचं रक्त थांबलं, ती मेली आणि आठवड्यानं गळून पडली. भोक उरलं. ते पहिल्या दिवशी दिसत नाही, हे लक्षात ठेव. तीन दिवस ते दहा दिवस. म्हणून फार लांबलेल्या बाळंतपणानंतर लघवीची नळी लगेच काढायची घाई करू नको, सरांना विचार. आणि ओल दिसताच पुन्हा नळी घातली, चार-सहा आठवडे अखंड वाहती ठेवली, तर लहान भोकं कधी कधी ऑपरेशनशिवाय मिटतात. नळी दबली, वाकली, पिशवी भरून उलटी दाटली, तर सगळं वाया. रात्रपाळीत तुझं खरं काम हेच, टॉर्च घेऊन नळी बघणं.

तिचं भोक मोठं होतं. सूज उतरायला तीन महिने थांबावं लागलं. तोवर ती पाणीच पीत नव्हती, कपडे ओले होऊ नयेत म्हणून. हे प्रत्येक बाई करते आणि नेमकं उलटं होतं. लघवी कडक होते, मांड्या सोलून निघतात, वास वाढतो. भरपूर पाणी पाज, धुऊन कोरडं करून व्हॅसलिन किंवा झिंकचं मलम लाव. आणि तिची खाट वॉर्डाच्या कोपऱ्यात सरकवू देऊ नको. आया सरकवतात, वासाचं कारण सांगून. मी एकदा सरकवू दिली होती. ते अजून जात नाही मनातून.

आता दवाखान्यात बाळंतपणं होतात म्हणून असे पेशंट कमी दिसतील. त्यांच्या जागी दुसरे आलेत. गर्भाशयाची पिशवी काढली, आठ-पंधरा दिवसांनी सतत ओलं. ऑपरेशनमध्ये मूत्राशयाला इजा झाली किंवा टाका त्यात गेला. काही वेळा वरून येणारी मूत्रनलिकाच कापली किंवा बांधली जाते. फरक कसा ओळखतात माहीत आहे? योनीत वर-खाली तीन कापसाचे बोळे ठेवायचे, मूत्राशयात निळं पाणी भरायचं, बाईला फिरवायचं. वरचा बोळा निळा झाला तर मूत्राशयातून, ओला झाला पण निळा नाही तर मूत्रनलिकेतून, फक्त खालचा निळा झाला तर लघवीच्याच वाटेतून. तीन बोळ्यांत पत्ता लागतो. चाळिशीच्या आतल्या बायका ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ म्हणत येतात तेव्हा मला हे तीन बोळे दिसतात.

मूत्राशयाचं भोक बुजवायचं ऑपरेशन जगाला शिकवणाऱ्या सिम्सची गोष्टही तुला ठाऊक असावी. अमेरिकेतल्या अलाबामात त्यानं गुलाम बायकांवर भूल न देता ते साधलं. अनार्का नावाच्या एकीवर तीस वेळा. १८४९ मध्ये चांदीच्या तारेच्या टाक्यांनी तिचं भोक बुजलं. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला, बरं केलं. आणि हॅम्लिन पती-पत्नींनी १९७४ मध्ये इथिओपियात फक्त अशा फिस्टुलाच्या बायकांसाठी दवाखाना काढला, तेही ठाऊक असू दे. बरी झालेल्या काही बायका तिथंच नर्सांच्या हाताखाली काम करतात. मी ते वाचलं तेव्हा आमच्या गडचिरोलीच्या पोरीची आठवण झाली, तिनं इतके छान बेड लावले असते!

शौचाची वाट आणि योनी यांमध्येही बोळ पडतो. बाळंतपणात खोलवर फाटलं आणि नीट शिवलं नाही तर, किंवा गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला शेक दिल्यावर, कधी कधी वर्षांनी. बाई म्हणते ‘खालून वारा सरतो’, आणि आपण ते गमतीत घेतो. घेऊ नको.

पोटाच्या ऑपरेशनचे पेशंट तुला सर्जरीत सगळ्यात जास्त छळतील. आतडं शिवलेलं सुटतं आणि टाक्यांतून हिरवं-पिवळं यायला लागतं. टायफॉइडनं फुटलेलं आतडं, टीबीचं आतडं, कॅन्सर, अशा जागी टाके कच्चे राहतात. त्या पाण्यात पाचक रस असतो, तो कातडी खातो. गॉजवर गॉज चढवून उपयोग नाही, तोंडाला पिशवी चिकटव, भोवती झिंक लाव, आणि किती आलं ते माप. डोळ्यानं ‘बरंच आलं’ लिहू नको. चोवीस तासांत ५०० मिलीच्या वर असेल तर पेशंट आतून कोरडा पडतो, क्षार जातात, सकाळी राउंडला सरांच्या तोंडून पहिला प्रश्न तोच येतो.

आणि मग सगळे विचारतात, बुजत का नाही? आमच्या सरांनी मला वॉर्डाच्या दारात उभं राहून शिकवलं होतं ते सांगते. सहा गोष्टी शोध. आत काही परकं राहिलंय का, टाका, गॉज, जाळी. शेक दिलेली जागा आहे का. आजार अजून जागा आहे का, टीबी किंवा क्रोन्स. बोळाला अस्तर धरलंय का. कॅन्सर आहे का. आणि पुढं वाट अडलीय का. ही शेवटची मला फार आवडते. नळ पुढं बंद असेल तर पाणी फुटक्या जागेतूनच येणार, तिथं कितीही सिमेंट लाव. या सहांत काही नसेल, पोटात अन्न जात असेल आणि माणूस खंगला नसेल, तर बरेच बोळ महिन्या-दीड महिन्यात आपोआप मिटतात. आपण फक्त पेशंटला वाळू द्यायचं नाही.

अस्तर धरलं की काय होतं ते सेंट मार्टिन नावाच्या माणसाला विचारावं. १८२२ मध्ये अमेरिकेत जवळून बंदुकीची गोळी लागली, जगला, पण जठर पोटाच्या कातडीला असं जुळलं की भोक कायमचं राहिलं. त्याच्या डॉक्टरनं, बोमाँटनं, रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून त्या भोकातून जठरात सोडले आणि किती वेळात विरघळतात ते बघितलं. १८३३ मध्ये पुस्तक काढलं. पोटात अन्न कसं पचतं हे जगाला त्या भोकातून कळलं. बिचारा मार्टिन मात्र कंटाळून पळून जायचा, आणि मी त्याच्या बाजूची आहे.

बाळांचं थोडक्यात. जन्मतःच अन्ननलिका आणि श्वासनलिका जोडलेल्या असू शकतात, बहुतेकांत वरची अन्ननलिका बंद आणि खालची श्वासनलिकेला चिकटलेली. तोंडाला सारखा फेस, पहिल्या घोटाला ठसका आणि निळं पडणं. तसं दिसलं तर काही पाजू नको, नाकातून नळी घालून बघ, दहा सेंटिमीटरच्या आसपास अडली की बालसर्जनला फोन. आजी लोक मध-गूळपाणी चाटवायला वाटी घेऊन उभ्याच असतात, त्यांना प्रेमानं पण ठामपणे बाहेर काढ. कानाच्या पाळीपुढं सुईएवढं भोक घेऊन जन्मलेली पोरं पुष्कळ. लोक भाग्याचं म्हणतात. ते दाबायचं नाही आणि त्यात काडी घालायची नाही, बस.

धमनी आणि शीर जोडली गेली तर? चाकूच्या घावात होतं, जन्मतःही असतं. हेल्मेट न घालता पडलेला पोट्टा काही दिवसांनी एक डोळा लाल, पुढं आलेला आणि कानात सूं-सूं घेऊन आला तर डोळ्याचे थेंब टाकून पाठवू नको. डोळ्यामागं असाच बोळ पडलेला असू शकतो.

आणि हाच बोळ कधी मुद्दाम पाडतात. वरच्या मजल्यावरचे दादा, ज्यांना तू सिंधी पापडवाले आजोबा म्हणतेस, त्यांच्या डाव्या मनगटात आहे. किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि सिमिनो यांनी मनगटातली धमनी शिरेला शिवून दाखवली. धमनीच्या जोरानं शीर फुगते, भिंत जाड होते, जाड सुया पुन्हा पुन्हा टोचल्या तरी टिकते. आयुष्यभर आपण ज्या बोळाशी भांडतो, तोच इथं माणसाला जगवतो. पण तोही लगेच कामाला येत नाही, सहा-आठ आठवडे पिकू द्यावा लागतो. म्हणून किडनीवाला ज्या हातानं लिहीत नाही, त्या हाताच्या शिरांत सलाईन लावू नको, आधीपासूनच. शीर खराब झाली तर फिस्टुला कुठं करतील?

दादांकडून मी काही गोष्टी पाठ करून घेतल्यात. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, सुई नाही, घट्ट कडं नाही, भाजीची पिशवी नाही. त्या कुशीवर झोपायचं नाही. सकाळ-संध्याकाळ बोट ठेवून थरथर बघायची, ते तिला ‘मक्खी’ म्हणतात. मक्खी बोलायची थांबली तर जेवण सोडून त्याच तासाला दवाखाना, दुसऱ्या दिवशीची वाट बघायची नाही, कारण गुठळी ताजी असते तोवरच काढता येते. सुईच्या जागेतून रक्त आलं तर बोटानं दाबून हात वर, वर फडकं करकचून बांधायचं नाही. पापडाचंही सांगितलं, मीठ नको. घरी आलेल्याला पाणी आणि पापड दिल्याशिवाय त्यांच्याकडं चालत नाही, तेव्हा आता ते पाहुण्याला देतात आणि स्वतः कडकड आवाज ऐकत बसतात.

उद्या वॉर्डात जाण्याआधी त्यांच्या हातावर बोट ठेवून बघ, पुस्तकात ती थरथर छापता येत नाही. आणि जिना चढण्याआधी मागच्या बोळात डोकाव. पोरं क्रिकेट खेळत असतील. तो लाल रबरी चेंडू दादांचा आहे, हात दाबायच्या व्यायामासाठी मी आणून दिलेला. नातवानं तिसऱ्यांदा पळवलाय. ओव्हर संपली की मागून घे आणि वर देऊन ये.